'चालू आहे' म्हणजे 'बरं आहे' नव्हे!



आपल्या कॉलेजात एक वाक्य फार लोकप्रिय आहे. "चालू आहे ना? मग हात लावू नकोस!" लॅबमधला प्रिंटर असो, मेसमधला वॉटर कूलर असो, नाहीतर फायनल इयरचा प्रोजेक्ट असो, चालू असला की आपलं समाधान. व्हायवाला एक्स्टर्नल येतात, पडद्यावर आउटपुट दिसतं, जर्नलवर सही होते आणि आपण कँटीनकडे पळतो. आत काय धडधडतंय, काय धापा टाकतंय, हे विचारायची पद्धतच नाही.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे : 'चालू असणं' आणि 'बरं असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला पहिली शिकवतात, दुसरी शिकवत नाहीत. आणि ती शिकायला जी एक साधी परवानगी लागते, ती वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना मिळायलाच हवी. उदाहरण म्हणून मी आपल्या विभागातला कंटेनर क्लस्टर घेतलाय. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी कृपया पान उलटू नये. बॉयलर आणि पूल यांनाही हेच लागू आहे!

आधी थोडी ओळख. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेला डबा. कुठल्याही यंत्रावर उघडा, आतलं जेवण तेच. २०१३ साली डॉकर आलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली. पण डबे शेकड्यांनी वाढले की प्रश्न येतो : कुठला डबा कुठल्या यंत्रावर ठेवायचा? एखादा सांडला तर दुसरा कोणी ठेवायचा? हे काम करणारा मुकादम म्हणजे कुबरनेटिस. गूगलने तो जून २०१४ मध्ये जाहीर केला आणि त्याची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. यातल्या प्रत्येक यंत्राला म्हणतात नोड, आणि डबे ज्या खोक्यात ठेवतात त्याला पॉड. या सगळ्याशी बोलायची कमांड म्हणजे कुबेक्टल. (कोणी 'क्यूब कंट्रोल' म्हणतं, कोणी 'क्यूब कडल'. भांडण मिटलेलं नाही!) मराठी विभागात लिहितेय म्हणून कमांड देवनागरीत देतेय, टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करायच्या.

आपल्या विभागात जुने डेस्कटॉप जोडून असाच एक छोटा क्लस्टर उभा केलाय. त्यावर मिनी प्रोजेक्ट चालतात आणि असाइनमेंट जमा करायचं पानही चालतं. म्हणजे त्याची तब्येत ही थेट आपल्या गुणांची तब्येत आहे.

आता 'तब्येत विचारणं' म्हणजे काय ते पाहू. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे बालवर्गापासून एक संवाद घोटून घेतात. "हाऊ आर यू?" विचारलं की उत्तर एकच, "आय ॲम फाईन, थँक यू!" अंगात १०२ ताप असला तरी फाईन! ते उत्तर खोटं नसतं, कारण ते मुळी उत्तरच नसतं. तो शिष्टाचार असतो. सुट्टीत आजोळी गेलं की मात्र आजी 'कशी आहेस' विचारून थांबायची नाही. जेवलीस का? काय जेवलीस? झोप लागली का? जीभ दाखव बघू. कालपासून कितीदा ओकलीस? पाच प्रश्नांत तिला कळायचं की पोरीला काय झालंय.

कमांड लाइन ही ती आजी आहे. आणि हिरवा दिवा दाखवणारा डॅशबोर्ड बऱ्याचदा आमच्या वर्गाचा 'आय ॲम फाईन, थँक यू' असतो.

आजीचे प्रश्न क्रमाने असतात, तसे इथेही विचारावे लागतात.

पहिला प्रश्न मुकादमालाच. तू स्वतः शुद्धीवर आहेस का? त्यासाठी 'कुबेक्टल गेट'ला 'रॉ' हा पर्याय लावून 'रेडी-झेड' हा पत्ता विचारायचा आणि शेवटी 'व्हर्बोज' म्हणायचं. एकेका भागाचं नाव आणि पुढे 'ओके' अशी लांबलचक यादी येते. सगळ्या क्लस्टरची स्मृती जिथे साठते त्या एट्सीडीचीही ओळ त्यात असते. आपल्याकडे सीनिअर्सच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून 'कंपोनंट स्टेटसेस' ही जुनी कमांड लिहिलेली सापडते. ती १.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासूनच कालबाह्य ठरवली आहे. काही क्लस्टरवर तर ती धडधाकट भागालाही आजारी म्हणते! नोट्स झेरॉक्स करा, पण तारीख बघून.

दुसरा प्रश्न यंत्रांना. 'कुबेक्टल गेट नोड्स.' प्रत्येक नोडपुढे 'रेडी' किंवा 'नॉट रेडी' येतं. 'कुबेक्टल डिस्क्राइब नोड' म्हटलं की आणखी तपशील कळतो : मेमरीचा ताण, डिस्कचा ताण, प्रक्रियांच्या संख्येचा ताण. नोडची मोकळी डिस्क १० टक्क्यांच्या खाली गेली की सर्वसाधारण सेटिंगमध्ये कुबरनेटिस त्या नोडवरून पॉड हाकलायला लागतो. विभागातल्या जुन्या हार्ड डिस्क आठवा आणि हा आकडा लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न पॉडना. 'कुबेक्टल गेट पॉड्स', शेवटी डॅश आणि कॅपिटल ए, म्हणजे सगळ्या विभागांतले पॉड. आणि खरी गंमत इथेच आहे. या तक्त्यात 'स्टेटस' नावाचा एक रकाना आहे आणि त्यात 'रनिंग' लिहिलेलं असतं. नव्याण्णव टक्के मुलं तेवढंच वाचतात, स्क्रीनशॉट काढतात आणि जर्नलला चिकटवतात.

पण शेजारचे रकाने वाचा. 'रेडी' रकान्यात ०/१ असेल, तर डबा आहे पण कोणाला वाढण्याच्या स्थितीत नाही. 'रिस्टार्ट्स' रकान्यात समजा ४७ असेल, तर याचा अर्थ हा गडी सत्तेचाळीस वेळा चक्कर येऊन पडलाय, आणि तुम्ही पाहिलंत तेव्हा नेमका उभा होता! पुन्हा पुन्हा पडणाऱ्या डब्याला कुबरनेटिस लगेच उचलत नाही. आधी १० सेकंद थांबतो, मग २०, मग ४०, असं करत पाच मिनिटांपर्यंत. त्या थांबण्याला 'क्रॅश लूप बॅक ऑफ' म्हणतात. काही जण हुशारी करून 'जे रनिंग नाहीत तेवढेच दाखव' अशी चाळणी लावतात. ती चाळणी पॉडची 'फेज' बघते, आणि असा पडता-उठता पॉडसुद्धा फेजच्या हिशेबाने रनिंगच असतो. म्हणजे ज्याला शोधायचं तोच चाळणीतून निसटतो.

यापेक्षाही कमाल पुढे आहे. वसतिगृहातल्या प्रत्येकाला 'प्रॉक्सी' माहीत आहे. कुबरनेटिसमध्येसुद्धा प्रॉक्सी लागते! प्रत्येक नोड दर १० सेकंदांनी 'हजर' म्हणतो. समजा त्याची वायर कोणी उपटली. आवृत्तीप्रमाणे ४० किंवा ५० सेकंद हजेरी आली नाही की त्याच्या नावापुढे 'नॉट रेडी' लागतं. पण त्याच्यावरच्या पॉडना आणखी ३०० सेकंदांची सवलत असते. तोवर यंत्र बंद, पंखा बंद, दिवा बंद, आणि तक्त्यात पॉड मात्र 'रनिंग'! म्हणून नोड आधी, पॉड नंतर. क्रम चुकला की मेलेल्या यंत्रावरची हजेरी आपण खरी मानतो.

आणि ज्याने 'रेडिनेस प्रोब' लिहिलेलाच नाही, त्याची कथाच वेगळी. प्रोब म्हणजे 'तुला खरंच काम करता येतंय का' हा प्रश्न, जो दर थोड्या वेळाने आपोआप विचारला जातो. तो लिहिला नाही तर डब्यातली प्रक्रिया सुरू झाली एवढ्यावर कुबरनेटिस त्याला 'रेडी' धरतो. डेटाबेसशी संबंध तुटलेला असेल, प्रत्येक मुलाला एरर दिसत असेल, तरी तक्ता म्हणणार १/१, रनिंग. यात कुबरनेटिसचा काय दोष? त्याला प्रश्न विचारायला आपणच शिकवलं नाही.

चौथा प्रश्न, 'काय झालं ते सांग.' 'कुबेक्टल डिस्क्राइब पॉड' करून थेट तळाशी जायचं. तिथे 'इव्हेंट्स' असतात, घडलेल्या घटनांची डायरी. इमेज मिळाली नाही, नोडवर जागा नव्हती, प्रोब नापास झाला, सगळं तिथे लिहिलेलं. पाचवा प्रश्न, 'पडण्याआधी शेवटचं काय बोललास?' त्यासाठी 'कुबेक्टल लॉग्स' आणि पुढे 'प्रीव्हियस'. हा एक शब्द नसेल तर आपण नव्या डब्याचं बोलणं ऐकतो आणि गेलेल्याची शेवटची वाक्यं राहून जातात. कधी डिस्क्राइबमध्ये 'ओओएम किल्ड' आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरसाठी पाठ केलेला सिग्नल ९, सिगकिल, अखेर इथे प्रत्यक्ष भेटतो! मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने त्याला संपवलं. सिलॅबस आणि आयुष्य यांची अशी गाठ क्वचितच पडते.

आता मुद्द्यावर येते. गेल्या सत्रात सबमिशनच्या आदल्या रात्री अकरानंतर असाइनमेंटचं पान उघडेना. वसतिगृहात आम्ही सगळ्या जाग्या होतो, पण कोणाकडेच क्लस्टर बघायची परवानगी नव्हती. सकाळी विभाग उघडला, कोणीतरी पॉड डिलीट केला, नवा आला, पान सुरू झालं. "बघा, चालू आहे!" उशिरा जमा झालेल्यांचे गुण गेले ते गेलेच.

मला गुणांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतं. रात्री नक्की काय झालं होतं, हे आता कोणालाही, कधीही कळणार नाही. कारण इव्हेंट्सची ती डायरी सर्वसाधारण सेटिंगमध्ये फक्त एक तास टिकते. रात्री अकराची घटना बाराला पुसायला लागते. आणि पॉड डिलीट केला की 'प्रीव्हियस' लॉगही त्याच्याबरोबर जातो. पुरावा होता तेव्हा जागे असणाऱ्यांना बघायची परवानगी नव्हती, आणि परवानगी असणारे आले तेव्हा पुरावा नव्हता! यात कोणा एका व्यक्तीचा दोष मी मानत नाही. दोष 'बंद करून चालू कर' या आपल्या राष्ट्रीय औषधाचा आहे. ते औषध ताप उतरवतं आणि रोगाचे ठसेही पुसून टाकतं.

म्हणून माझी पहिली मागणी : वसतिगृहातल्या इच्छुक विद्यार्थ्यांना क्लस्टर फक्त बघायची परवानगी द्या. बदलायची नाही, बघायची.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. "मुलं काहीतरी उडवतील." उडवू शकणार नाहीत. कुबरनेटिसमध्ये 'व्ह्यू' नावाची तयार भूमिका असते. ती असलेल्याला पॉड, इव्हेंट्स, लॉग्स दिसतात. डिलीट करता येत नाही, आणि पासवर्ड ठेवलेली 'सीक्रेट्स' तर दिसतही नाहीत. नोड बघायची परवानगी त्यात नसते, ती वेगळी जोडावी लागते. चार ओळींचं काम आहे. खात्री हवी असेल तर आमच्या खात्यातून 'कुबेक्टल ऑथ कॅन आय डिलीट पॉड्स' विचारून बघा. उत्तर येईल 'नो'.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लॉगमध्ये कोणी पासवर्ड छापला असेल तर तो 'व्ह्यू'वाल्याला दिसेल. खरं आहे. पण लॉगमध्ये पासवर्ड छापणं हीच मुळात चूक आहे, आणि चार डोळे बघणार म्हटल्यावर ती सवय आपोआप सुटेल. मेसची पाहणी होणार कळलं की त्या दिवशी भांडी जरा जास्तच घासतात, तसं!

तिसरा आक्षेप माझ्याच वर्गातला. "हे सगळं कशाला? कंपनीत क्लाउडवाले बघतात आणि ग्राफाना लावलेला असतो." क्लाउडवाले मुकादमाची काळजी घेतात, हे बरोबर. पण तुमच्या पॉडला प्रोब लिहिलाय का, मेमरीची मर्यादा नीट ठरवलीय का, हे तुमचंच काम राहतं. ग्राफाना आणि प्रोमेथियसला माझा अजिबात विरोध नाही. कमांड लाइन फक्त 'आत्ता' बघते. गेल्या आठवड्यात मेमरी कशी चढत गेली हे आलेखच सांगतो, आणि रात्री तीन वाजता उठवायचं काम गजरच करू शकतो. पण गजर उठवतो, निदान करत नाही. उठल्यावर काळ्या पडद्यासमोर बसून कोणता प्रश्न आधी विचारायचा, हे डोक्यातच असावं लागतं. शिवाय अनेक ठिकाणी डॅशबोर्ड त्याच क्लस्टरवर चालतो. जहाज बुडताना होकायंत्रही बुडणारच!

मोठमोठ्यांचंही यात काय होतं, त्याचं एक उदाहरण सर्वांना वाचण्यासारखं आहे. १४ मार्च २०२३ रोजी रेडिट ही जगप्रसिद्ध साइट ३१४ मिनिटं बंद पडली. तारीख ३/१४, म्हणजे पाय डे, आणि मिनिटंही ३१४! योगायोग म्हणा. त्यांच्या इंजिनिअर्सनी नंतर सगळी हकिगत स्वतःच जाहीर केली. ते कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेत होते. कुबरनेटिसने 'मास्टर' या नावाऐवजी 'कंट्रोल प्लेन' हे नाव आधीच आणलं होतं आणि १.२४ मध्ये जुनं लेबल नोडवरून काढूनच टाकलं. रेडिटच्या एका क्लस्टरमध्ये यंत्रांना एकमेकांचे रस्ते सांगायचं काम नेमकं 'मास्टर' लेबल असलेल्या नोडकडे दिलेलं होतं. ती जोडणी कित्येक वर्षांपूर्वीची. लेबल गेलं, रस्ते सांगणारे गेले, आणि यंत्रं जिवंत असूनही एकमेकांपर्यंत पोचेनाशी झाली. शेवटी बॅकअपवरून सगळं परत उभं करावं लागलं.

यातून मी एक धडा घेतला. तपासणी ही फक्त आजारपणात करायची गोष्ट नाही. सगळं छान असतानाही बघायचं असतं. आपल्या नोडवर कोणती लेबलं आहेत, कोणता पॉड कुठे बसतो, एरवी 'कुबेक्टल टॉप नोड्स' किती मेमरी दाखवतो. नेहमीचा चेहरा ओळखीचा असेल तरच उतरलेला चेहरा कळतो. आजीला कळायचं ते म्हणूनच, तिने आम्हाला बरं असतानाही न्याहाळलेलं असायचं.

माझी दुसरी मागणी प्रॅक्टिकलबद्दल आहे. आज आपलं क्लस्टरचं पहिलं प्रॅक्टिकल 'डिप्लॉय' करण्याचं असतं. कमांड कॉपी, एंटर, रनिंग, सही. त्याऐवजी पहिलं प्रॅक्टिकल तपासणीचं ठेवा. सरांनी किंवा मॅडमनी आदल्या दिवशी मुद्दाम एक बिघाड करून ठेवावा. इमेजच्या नावात एक अक्षर चुकवा, मेमरीची मर्यादा अगदी तोकडी ठेवा, नाहीतर प्रोबला भलताच पोर्ट द्या. विद्यार्थ्याने अर्ध्या तासात 'गेट', 'डिस्क्राइब' आणि 'लॉग्स' एवढ्याच तीन कमांड वापरून निदान लिहायचं. दुरुस्ती करायची नाही, डिलीटला बंदी! गुण उत्तराला कमी आणि प्रश्नांच्या क्रमाला जास्त. आजकाल चॅटबॉटला एरर चिकटवली की तो दहा कमांड देतो, आणि त्यात एखादी डिलीटची असतेच. कोणती आधी चालवायची आणि कोणती अजिबात चालवायची नाही, हे ज्याला कळतं तोच इंजिनिअर, बाकीचे टायपिस्ट.

तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे. एक दोनशे पानी वही. रेक्टरांच्या टेबलावर नाइट आउटची वही असते, तशीच क्लस्टरची वही ठेवू. सबमिशनच्या आठवड्यात रोज रात्री दोघांची पाळी. दहाला आणि बाराला पाच प्रश्न विचारायचे. वेळ, काय दिसलं, काय बिघडलेलं होतं, एवढं लिहायचं. इव्हेंट्स दिसले तर ते लगेच फाइलमध्ये उतरवून ठेवायचे, कारण घड्याळ एका तासाचंच आहे. सकाळी विभागात येणाऱ्यांच्या हातात 'पान चालत नव्हतं हो सर' या रडगाण्याऐवजी वेळेसह नोंद असेल. मग गुण कापायचे की नाही, हा निर्णयही पुराव्यावर होईल.

ज्यांना परवानगीची वाट बघायची नाही, त्यांनी आपल्या लॅपटॉपवर मिनिक्यूब टाकावं. त्याला दोन सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क पुरते. स्वतःच काहीतरी बिघडवा, रूममेटला शोधायला लावा, मग अदलाबदल करा. पत्त्यांच्या डावापेक्षा जास्त मजा येते, अनुभवाने सांगते!

पुढच्या सत्राच्या सबमिशनला अजून वेळ आहे. 'व्ह्यू' परवानगीसाठीचा अर्ज मी टाइप करून मुलींच्या वसतिगृहाच्या नोटीस बोर्डाशेजारी ठेवला आहे. सह्या करायला या. मुलांच्या वसतिगृहातूनही कोणीतरी एक प्रत घेऊन जा. विभागप्रमुख सरांना विनंती एवढीच की अर्ज वाचताना 'ही मुलं क्लस्टरला हात लावतील' ही भीती बाजूला ठेवावी. आम्हाला हात लावायचाच नाहीये. आम्हाला विचारपूस करायची आहे, ती पण वेळेवर.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
मुलींचे वसतिगृह